मत नसलेल्या कुसुमकाकू

मतदानाच्या दिवशी आमच्या सागरछाया सोसायटीत बोट दाखवल्याशिवाय कोणालाही जिना चढता यायचा नाही. सोसायटी मुलुंड पूर्वेला. इथून समुद्र बघायचा तर गच्चीवर आणखी वीस मजले चढवावे लागतील. पण बिल्डर मालवणचा होता, त्याला गावाची आठवण येत असावी, म्हणून हे नाव. तर तिथे तळमजल्यावर, टपालपेट्यांच्या खाली, सकाळी सातपासून प्लास्टिकची खुर्ची टाकून कुसुमकाकू परब बसलेल्या असायच्या. मांडीवर वाल सोलायची परात, बाजूला खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. मत देऊन येणाऱ्याने डावा हात पुढे करायचा, काकू चष्मा वर सरकवून शाई निरखायच्या आणि खात्री पटली की हातावर एक वडी ठेवायच्या. शाई नसेल तर वडी नाही, वर उलटतपासणी.

एकदा दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब जोडून आलेली सुट्टी साधायला बॅगा घेऊन खाली उतरलं. काकू उठल्या आणि परातीसकट त्यांच्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या. "आदी बोट, मगे लोणावळा," त्या म्हणाल्या. त्या घरातल्या भाऊंनी हसून पाहिलं, चिडून पाहिलं, शेवटी हात जोडले. काकू वाल सोलत राहिल्या. मग सगळे मुकाट्याने शाळेत जाऊन मत देऊन आले, वड्या घेतल्या आणि तेव्हा कुठे गाडी सुटली. त्या दिवसापासून हे वाक्य सोसायटीत कशालाही वापरलं जाऊ लागलं. अभ्यास टाकून खेळायला पळणाऱ्या पोरांनाही आया ऐकवायच्या, आदी बोट, मगे लोणावळा.

मी लग्न होऊन या सोसायटीत आले ती परबांच्या समोरच्या दारात. पहिल्याच मतदानाला मीही बोट दाखवलं, वडी तोंडात टाकली आणि सहज म्हटलं, "काकू, आता तुमचं बघू."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे पालथे धरले. सगळी बोटं स्वच्छ, नखांत तेवढी हळद.

"माझां मत नाय गो बाय."

मला वाटलं, यादीतून नाव गळलं असेल. मुंबईत ते कोणाचंही गळतं. मी नवी होते, उत्साही होते, म्हटलं, "मग तक्रार करू या ना!"

"कोणाकडे?" त्या हसल्या. "मी सिलोनची."

मी वेड्यासारखी बघत राहिले. कपाळावर ठसठशीत कुंकू, तोंडात अस्सल मालवणी, गणपतीत भजनाला टाळ धरणारी पहिली बाई. ही परदेशी? पण खरंच तसं होतं. त्यांचे यजमान, दत्ताकाका, तरुणपणी मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होते. जहाज दुरुस्तीसाठी कोलंबोला अडकलं, काकांचा पाय वाफेने भाजला, आणि पट्टी बदलायला ज्या दवाखान्यात जायचे तिथे कुसुमावती नावाची, दक्षिणेकडच्या गॉल शहरातली मुलगी नर्स होती. पाय बरा झाला तरी काका पट्टी बदलायला जातच राहिले. पुढचं सांगायला नकोच. कुसुमावतीची कुसुम व्हायला तर काहीच करावं लागलं नाही, शेपूट तेवढं गळून पडलं.

मालवणी त्यांना सासूने शिकवली, कारण सासूला दुसरी भाषाच येत नव्हती. दोघींचं पहिलं संभाषण झालं ते स्वयंपाकघरात, आणि न बोलता. सासूबाईंनी माशाच्या कढीत टाकायला आमसूल काढलं. सुनेने ते चाखलं, ट्रंकेकडे धावली आणि एक काळं, वाळलेलं, सुरकुतलेलं फळ घेऊन आली. गोरका. तिकडे माशात हेच घालतात, आपल्या आमसुलाचं मोठं भावंड म्हणा ना. सासूबाईंनी तो तुकडा चोखला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "ह्यां आपल्यातलांच आसा." त्यानंतर मालवणच्या घरात परकेपणाचा विषय निघाला नाही. काकूंच्या धाकट्या भावाचं नाव सुनील होतं, हे कळल्यावर तर लोकांची उरलीसुरली शंकाही मिटायची. त्या श्रीलंकेच्या आहेत हे सागरछायेत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाच्याही लक्षात नव्हतं.

काकूंच्या मात्र ते लक्षात होतं. मत या गोष्टीचं त्यांना जे काय वाटायचं ते आजीकडून आलेलं. "आमच्याकडे इंग्रजाच्या राज्यात माझी आजी मत देई," हे त्या अभिमानाने सांगायच्या. "तिका वाचूक येत नव्हता. एकेका उमेदवाराची पेटी येगळ्या रंगाची. रंग बघून मत घाली. घराक येऊन आंघोळ करून दिवो लावी." स्वतः काकूंनी लग्नाआधी एकदाच गॉलला मत दिलं होतं. मग इकडे आल्या. तिथला पासपोर्ट, पण तिथे राहत नाहीत म्हणून तिथे मत नाही. इथे राहतात, पण इथला पासपोर्ट नाही म्हणून इथेही नाही. संसार केला, मुलगा वाढवला, शेजारपाजारची बाळंतपणं निभावली, सोसायटीत कोणाला इंजेक्शन द्यायचं तर काकूच. तरी निवडणूक आली की त्या बाहेरच्या.

एका महापालिका निवडणुकीत एक उमेदवार दारोदार फिरत आमच्या मजल्यावर आला. मी दार उघडून उभी होते, समोर काकू. त्याने काकूंपुढे वाकून हात जोडले, "ताई, लक्ष असू द्या." काकू म्हणाल्या, "माझां मत नाय, पण माझां ऐक. शाळेच्या कोपऱ्यार गटाराचां झाकण नाय. पोरां पडतली." मत नाही एवढं ऐकताच त्या माणसाचे जोडलेले हात सुटले. अगदी आपोआप. पुढचं वाक्य संपायच्या आत तो माझ्याकडे वळला होता आणि हात पुन्हा जोडले गेले होते. काकूंनी हळूच दार लावून घेतलं. झाकणाचं म्हणाल तर वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवून त्यांनीच ते बसवून घेतलं. वॉर्ड ऑफिसात कोणी मत आहे का विचारत नाही, हे त्यांच्या मते त्या ऑफिसचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य होतं.

मग तुम्ही म्हणाल, इथलं नागरिकत्व का नाही घेतलं? मीही विचारलं होतं. कारण सुनील. त्यांचा हा भाऊ जन्मापासून अधू, स्वतःचं स्वतः करता न येणारा. आई होती तोवर आईने केलं, नंतर घरात ठेवलेल्या एका बाईने. काकू दर वर्षी दोन महिने जाऊन राहायच्या आणि मधूनच फोन आला की तडक निघायच्या. आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व ठेवता येत नाही. इथलं घ्यायचं तर तिथलं सोडायचं. "उद्या तो पडलो, तर मी व्हिसाच्या रांगेत उभी ऱ्हवू?" त्या म्हणायच्या. "तेका माझ्याशिवाय कोण आसा?" मताची इच्छा एका बाजूला आणि भाऊ दुसऱ्या बाजूला. काकूंनी इच्छा बाजूला ठेवली आणि तक्रार न करता वाल सोलत बसल्या.

त्यांचा मुलगा महेश शिकून न्यूझीलंडला गेला. तिथे कायम राहण्याचा परवाना मिळून वरती एखादं वर्ष झालं असेल, आणि त्याचा फोन आला. "आई, आज मत देऊन आलो." काकूंना वाटलं, याने आपलं नागरिकत्व सोडलं. घाबरल्याच. "नाही गं, पासपोर्ट भारताचाच आहे. इथे राहणाऱ्याला मत असतं."

काकू चपलाही न घालता माझ्याकडे आल्या. "नीता, आयकलंस? थंय ऱ्हवणाऱ्याक मत देतत! कागद खंयचोय असांदे!" त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला वाटलं, महेशला मुलगी झाली. दिवसभर त्यांनी ही बातमी वरपासून खालपर्यंत प्रत्येक घरात पोचवली. दत्ताकाका पेपरमागून म्हणाले, "मगे जा न्यूझीलंडाक. मत दी नि ये परत." पण काकू त्या दिवशी चेष्टेच्या पलीकडे होत्या. जगात कुठेतरी असा देश आहे, जिथे राहणाऱ्या माणसाला आधी विचारतात, ही गोष्टच त्यांना पुरेशी होती. स्वतःच्या वाट्याला न आलेल्या गोष्टीचा इतका निखळ आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि मग ती यादी आली.

आमच्या भागात संतोष नावाचा एक कार्यकर्ता आहे. पक्ष सांगत नाही, त्यानेच दोनदा बदललाय. पण कामाला वाघ. लग्नसराई संपली की हा घरोघर जाऊन नव्या सुनांची नावं मतदारयादीत चढवतो. सून आली की आठवड्याभरात हा दारात हजर, हातात अर्ज आणि फोटोसाठी मोबाइल. त्याच्या आईच्या शेवटच्या आजारपणात काकूंनी तिचं सगळं केलं होतं, त्यामुळे काकू त्याला आईच्या जागी. एकदा सोसायटीची यादी बघताना त्याच्या लक्षात आलं की परबांच्या घरात दत्ताराम परब आहेत, पण कुसुम परब नाहीत. झालं! एवढी जुनी सून आणि नाव गळलेलं! काकूंना चकित करायचं म्हणून हा पठ्ठ्या त्यांच्या कानावर जाऊ न देता कामाला लागला. लाइटबिल, जुना फोटो, रेशनकार्डाची प्रत, सगळं आमच्याच लोकांनी त्याला हौसेने पुरवलं. जन्मस्थान त्याने ठोकून दिलं मालवण. सही पण यानेच ठोकली. निवडणूक कार्यालयातून चौकशीला बाई आल्या तर खालच्या मजल्यावरच्या राणेंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "आमच्या काकू ना? जन्मापासून ओळखतो!" हे राणे आमच्या काकूंपेक्षा वीस वर्षांनी लहान.

प्रारूप यादी जाहीर झाली त्या संध्याकाळी संतोष पेढे आणि यादीचं पान घेऊन परबांकडे आला. आम्ही सगळे दारात जमलो होतो. "काकू, वाचा." काकूंनी चष्मा पुसला, घातला, पान दिव्याखाली नेलं. परब कुसुम दत्ताराम, बाजूला फोटो. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग खुर्चीवर बसल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले; सगळं माहीत असूनही त्या भरात मीसुद्धा. संतोषच्या तर आनंदाला पारावार नव्हता. काकूंचं ते रडू आम्हाला हर्षाचं वाटलं.

सगळे गेल्यावर मी भांडी उचलायला थांबले. काकू अजून ते पान धरून होत्या.

"ह्यां माझां न्हय," त्या म्हणाल्या.

दत्ताकाका जवळ येऊन बसले. एरवी सतत टिंगल करणारा माणूस, पण आवाज मऊ होता. "अगो, आयुष्यभर लोकांची बोटां बघत बसलंस. आता आपलां बोट काळां कर नि मोकळी हो. कोण विचारता?"

"कोण नाय विचारूचा," काकू म्हणाल्या. "ताच तर. मी लोकांची बोटां बघतंय. लोक माका खरां बोट दाखवतत. मी खोटां दाखवू?"

"खोटां काय तेच्यात? शाई खरीच आसतली."

"शाई खरी. मत चोरीचां." त्यांनी पान घडी करून ठेवलं. "माका व्हया, म्हणान तर चोरूक नको. नको असता तर चोरलां असतां."

हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं नाही. घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर कळलं आणि मी उठून बसले. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी जीव तुटला ती आयती दारात चालून आली होती. कोणाला कळणार नव्हतं, कोणाचं काही बिघडणार नव्हतं, सगळ्यांना उलट आनंदच झाला असता. आणि ही बाई ती परत करायला निघाली होती. मला त्यांच्याबद्दल आदर होताच, पण त्या दिवशी त्यांची थोडी भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर निवडणूक कार्यालयात गेले. हरकती घ्यायची मुदत चालू होती, तिथे ही गर्दी. टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करताच विचारलं, "नाव नाही ना यादीत? शेजारच्या रांगेत जा."

"नाव आसा म्हणान इलंय," काकू म्हणाल्या. "काडून टाका."

गृहस्थांनी मान वर केली. काकूंनी पासपोर्ट समोर ठेवला. त्यांनी तो चाळला, काकूंकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "आजी, इतकी वर्षं इथे राहताय. मी काही ऐकलं नाही असं समजतो. घरी जा."

"तुमी ऐकलास," काकू म्हणाल्या. "आता लिवा."

त्यांनी सुस्कारा सोडून अर्ज काढला. लिहिता लिहिता विचारलं, "नाव घातलं कोणी?" संतोषने सही ठोकली होती, प्रकरण त्याच्यावर शेकलं असतं. काकूंनी क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

"मी कोणाक परकी दिसलंय नाय, ही माझी चूक," त्या म्हणाल्या. "असांच लिवा."

त्या गृहस्थांनी तसं लिहिलं नाही, पण पुढे काही विचारलंही नाही. त्यांनी काकूंची सही घेतली आणि उभं राहून पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला. परतताना रिक्षात काकू बाहेर बघत होत्या. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "संतोषाक कोणी बोलूचा नाय हां. झिलान प्रेमान केल्यान." त्या रात्री संतोषला त्यांच्याकडे जेवायला बोलावणं गेलं. सुरमई होती. तो जेवताना रडत होता आणि काकू त्याला आणखी भात वाढत होत्या.

पुढे साथीच्या वर्षांत दत्ताकाका गेले. त्यानंतर काही महिन्यांनी गॉलला सुनीलही गेला. त्या वेळी विमानं अडून बसली होती, काकूंना पोचता आलं नाही. ज्याच्यासाठी तो पासपोर्ट जपला त्याच्या शेवटच्या क्षणी तो पासपोर्ट कपाटात पडून राहिला. त्या वर्षी काकू एकदम म्हाताऱ्या झाल्या. महेश रोज फोन करायचा. "आई, इकडे ये. थोड्या दिवसांनी इथला परवाना मिळेल, मग पासपोर्ट न सोडता मतसुद्धा मिळेल." त्याला आईची नस माहीत होती.

"थंयच्या नगरसेवकाक मी खंय वळाकतंय?" काकू म्हणाल्या. "मत आसा म्हणान माणूस थंय जाता? माणूस ऱ्हवता थंय मत व्हया." आणि त्यांनी संतोषला बोलावून घेतलं. या वेळी नागरिकत्वाच्या अर्जासाठी.

त्याच सुमारास श्रीलंकेत हाल सुरू झाले होते. पेट्रोलला रांगा, दुधाची भुकटी मिळेना. सोसायटीत कोणीतरी म्हणालं, "बरं झालं काकू, बुडत्या बोटीतून उतरताय." काकू ताडकन म्हणाल्या, "बोट बुडाक लागली म्हणान उतरणारी मी न्हय. तसां आसतां तर महेशाकडेच गेलं असतंय." आणि खरंच, महेशने पाठवलेल्या पैशांतून त्या दर महिन्याला सुनीलला सांभाळणाऱ्या बाईच्या घरी मदत पाठवत होत्या.

नागरिकत्वाचं काम सोपं नव्हतं. कागद, पोलीस चौकशी, पुन्हा कागद. मधे एक टप्पा असा आला की तिथलं सोडून झालं होतं आणि इथलं अजून हातात पडायचं होतं. त्या दिवसांत काकू खाली वाल सोलायलासुद्धा उतरत नसत. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता मी कोणाचीच नाय गो. ढकलल्यान तर खंय पडान?" हसून म्हणाल्या, पण मला सोडायला उंबऱ्याबाहेर आल्या नाहीत. अखेर प्रमाणपत्र मिळालं. घरी आल्यावर त्या बराच वेळ देवघरासमोर बसल्या, तिथे गणपतीशेजारी बुद्धाची छोटी मूर्ती असे. मग मला म्हणाल्या, "गॉलाक जावक आता माका व्हिसा लागतलो. जन्मलंय थंय मी पावणी." मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आसांदे. दोनीकडे पावणी होतंय. आता एका जाग्यार तरी घरची."

संतोषने मतदारनोंदणीचा अर्ज आणला तेव्हा पेन उघडून तो विचारायला थांबला, "काकू, जन्मस्थान?" "गॉल, श्रीलंका," काकू म्हणाल्या, एकेक अक्षर सुटं करून. सही या वेळी त्यांनी स्वतः केली.

विधानसभेचं मतदान आलं. त्या सकाळी टपालपेट्यांखाली खुर्ची नव्हती. काकू इस्त्रीची साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून माझ्या दारात उभ्या. शाळेत गेलो तर रांग बाहेरपर्यंत. ज्येष्ठांना पुढे सोडत होते, पोलीस म्हणाला, "आजी, तुम्ही या पुढे." काकूंनी मान हलवली. "माका रांगेत ऱ्हवाचां आसा." पोलिसाला वाटलं, म्हातारी ऐकत नाही. त्या मात्र रांगेत इकडेतिकडे बघत होत्या, पुढच्या बाईशी बोलत होत्या, वर्गातल्या भिंतीवरचे तक्ते वाचत होत्या. रांगेत उभं राहायला एवढी मजा येणारी बाई त्या पोलिसाने पहिल्यांदाच पाहिली असणार.

त्यांच्यामागे मी होते. त्यांचं नाव मोठ्याने पुकारलं गेलं. बोटाला शाई लागली. त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या आणि तिथेच राहिल्या. यंत्राचा आवाज येईना. मग मतदान अधिकाऱ्याने आवाज दिला, "आजी, कळलं ना? नावासमोरचं बटण दाबायचं."

"कळलां," आतून आवाज आला. "वाचतंय."

आणखी वेळ गेला. रांगेत कोणीतरी चुकचुकलं. अधिकारी अर्धा उठला. आडोशाखाली काकूंची पावलं तेवढी दिसत होती, टाचा किंचित उचललेल्या, वरचं काही बघायला माणूस उचलतो तशा. मग त्या टाचा टेकल्या आणि यंत्राचा तो लांब बीप वाजला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काकू, कोणाला द्यायचं ते ठरवून आला नव्हता का?"

"ठरवून इलंय होतंय," त्या म्हणाल्या. "ठरवलां तेकाच दिलंय."

"मग इतका वेळ काय करत होता?"

"नावां वाचत होतंय. वरसून खालपर्यंत सगळी." त्या थांबल्या, मला समजावं म्हणून सावकाश बोलल्या. "नीता, तितकी माणसां माझ्याकडे मत मागूक इली होती. एकाकच देवक गावता. बाकीच्यांचां नाव तरी वाचूक नको?"

मी आजवर कितीतरी वेळा मत दिलं होतं. माझी नजर ठरलेल्या चिन्हावर जायची, बोट दाबायचं, बाहेर. त्या यंत्रावर बाकीची माणसं असतात हे मला कधी सुचलंही नव्हतं. त्या दोन चार मिनिटांत काकूंनी काय केलं ते मला तिथे, शाळेच्या मैदानात, उन्हात उभं राहून कळलं, आणि मी त्यांना वाकून नमस्कार केला. "अगो, मैदानात काय करतंस," म्हणून त्यांनी मला उठवलं.

इथलं तेवढंच एक मत त्यांच्या वाट्याला आलं. पुढच्या पावसाळ्यात, सकाळचा चहा झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या काकू गेल्या. महेश आला, संतोषने खांदा दिला, सगळी सागरछाया स्मशानात होती. महापालिकेची निवडणूक तोवर रखडलेलीच होती. गटारं, नळ, फुटपाथ हे सगळं त्या मताने विचारायचं म्हणून त्या तिची वाट बघत होत्या. ती त्यांच्यानंतर झाली.

मी गेले होते. आमच्या वॉर्डात उमेदवार बरेच, काही नावं मी आयुष्यात ऐकली नव्हती. कोण होती ही माणसं, कोण घरी भांडून उभं राहिलं होतं, हरणार हे त्यांना ठाऊक नव्हतं का? मी पहिल्या नावापासून सुरुवात केली. मधेच डोळे भरून आले, अक्षरं पुसट झाली, मी थांबले, पदराने डोळे पुसले आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे वाचू लागले.

"मॅडम, काही अडचण आहे का?" मागून आवाज आला.

"नाही," मी म्हटलं. "अजून तीन नावं राहिलीत."